किमान उत्पन्नाची हमी द्यायची, पण गरीब ठरवायचा कोणी?

जोशी काका (ए-१०३): हाउसकीपिंगची माणसं या महिन्यात पुन्हा बदलली. टिकतील कशी? खात्यात आयते पैसे येताहेत. उद्या देशभर किमान उत्पन्नाची हमी दिली तर कामाकडे कोणी फिरकणार नाही.

अमेय (सी-४०२): काका, हे आपल्याकडे करून पाहिलंय. २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशात कष्टकरी बायकांच्या ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या मदतीने ८ गावांत घरातल्या प्रत्येकाला दरमहा रोख पैसे दिले, विनाअट. आधी मोठ्या माणसाला २००, मुलाला १००. नंतर ३०० आणि १५०. लोक घरी बसले नाहीत. बियाणं घेतलं, जनावरं घेतली, मजुरीला जाणारे स्वतःच्या शेतात जास्त राबले.

जोशी काका: दोनशे-तीनशेत कोण घरी बसणार? काँग्रेसने २०१९ च्या निवडणुकीत कबूल केलेल्या ‘न्याय’ योजनेत ५ कोटी कुटुंबांना वर्षाला ७२,००० होते. दरवर्षी ३ लाख ६० हजार कोटी आणायचे कुठून ते सांग.

पाटील काकू (बी-२०४): जोशीसाहेब, पैशांचं बोलूच. पण त्याआधी ती ५ कोटी कुटुंबं निवडायची कशी? महसूल खात्यातली माझी सगळी नोकरी उत्पन्नाच्या दाखल्यांत गेली, म्हणून सांगते. पगारदाराचं उत्पन्न फॉर्म १६ वर असतं. भाजीवालीचं, बिगाऱ्याचं कुठे असतं? अर्जदार सांगतो, तलाठी चौकशी करतो आणि एक आकडा कागदावर येतो. निराधारांना दरमहा पैसे देणारी राज्याची संजय गांधी निराधार योजना आहे, तिला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात शहरात कुठलं घर चालतं? जी बाई खरं उत्पन्न सांगते ती बाहेर राहते, जी आकडा बसवून आणते ती आत जाते. आणि जिला दाखला काढायला एक दिवसाची मजुरी बुडवणं परवडत नाही, ती येतच नाही. खरी गरीब तीच.

‘न्याय’च्या वेळी आधी सगळ्यांचा समज झाला की महिन्याला १२,००० ला जेवढे कमी पडतील तेवढे सरकार घालणार. दुसऱ्याच दिवशी खुलासा आला, सरसकट ६,०००. रोजंदारीवाल्याला या महिन्यात किती मिळणार हे त्यालाच माहीत नसतं, मग सरकार फरक कशाच्या आधारावर भरून देणार?

अमेय: केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात उलटा मार्ग सुचवलाय काकू. गरीब शोधायच्याऐवजी गाडी, एसी असलेले वगळायचे, बाकीच्यांना द्यायचं. माणशी वर्षाला ७,६२० धरून हिशोब केला होता.

पाटील काकू: वगळणं सोपं, हे मला पटतं. आपल्या राज्याने यापेक्षाही सोपी युक्ती केली होती. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या सासूबाई खडी फोडायला जायच्या, तिथे पोरांना सुकडी मिळायची. तेव्हा दाखला कोणी मागितला नाही. वि. स. पाग्यांनी मांडलेली रोजगार हमी योजना ती हीच, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. उन्हात खडी फोडायला जो येतो त्याला गरज आहे, हे सिद्ध करावं लागत नाही. पण सासूबाईंच्या सासूबाई घरीच होत्या. त्यांना खडी फोडता येत नव्हती. उत्पन्नाची हमी हवी ती अशांसाठी. म्हातारी माणसं, अपंग, लहान मूल पदरात असलेली विधवा.

सावंत (सेक्रेटरी): आणि काका, पैसे कुठून म्हणता तर तुमच्या मुलाची पगाराची स्लिप बघा. प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीसाठीच. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावाचा वाटा उचलायचा, हे महाराष्ट्राने मान्य केलं होतं.

पाटील काकू: बरोबर बोललात. आणि तोच २०० चा आकडा दुसरीकडेही आहे. ६० ते ७९ वयाच्या दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धाला केंद्राकडून जे पेन्शन मिळतं त्यात केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये. २००७ पासून तेवढाच. ७२,००० चं भांडण दर निवडणुकीत होतं, या २०० बद्दल कोणी बोलत नाही. मला याचा फार राग येतो.

जोशी काका: २०० हे मला खरंच माहीत नव्हतं. पण वर राज्य घालतं ना?

पाटील काकू: घालतं, आपल्याकडे १,५०० होतात. पण राज्याची योजना १५ वर्षांचा रहिवास मागते. आपल्या गेटवरचा रात्रीचा वॉचमन बिहारचा. तो इथे बसणार नाही आणि गावी राहत नाही म्हणून तिथेही अडेल. म्हणून हमी देशाची हवी. वयाचा पुरावा दाखवला की पेन्शन सुरू, उत्पन्नाचा दाखला नको. ज्याला गरज नाही तो सोडेल किंवा कर भरेल.

जोशी काका: श्रीमंत म्हाताऱ्यांनाही द्यायचं, हे मला अजून पटत नाही. मला स्वतःला पेन्शन आहे, मी ते पैसे कशाला घेऊ?

पाटील काकू: घेऊ नका. पण तुम्हाला वगळायला जी चाळणी लावतील, तिच्यात तुमच्याबरोबर दहा गरजूही अडकतील. मी ते होताना पाहिलंय.

जोशी काका: आमच्याकडे पोळ्यांना येतात त्या मावशी विधवा आहेत. सोलापूरच्या, पण मुंबईत वीसेक वर्षं झाली. त्यांना निराधारचं मिळू शकेल?

पाटील काकू: रहिवासाची अडचण नाही. पतीच्या मृत्यूचा दाखला, आधार, रेशन कार्ड आणि पासबुक घेऊन संध्याकाळी माझ्याकडे पाठवा. उत्पन्नाच्या दाखल्याला मी त्यांच्याबरोबर जाईन.