बॅटरीच्या दुकानातलं शिसं लेकराच्या पोटात जातं का?

सेलूची_वहिनी: आमचं सेलूला घर, पुढच्या खोलीत मालकांचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान. ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या जुन्या प्लेटा काढून शिसं मागच्या अंगणात वितळवतात. लेकरू अडीच वर्षांचं, माती खातं. पोट दुखतं, शी कडक होते, हिमोग्लोबिन ८. जंताचं औषध झालं, लोहाचं चालू आहे. एक पाहुणे म्हणाले शिशाची तपासणी करा. सासूबाई म्हणतात, कामून? आमचे पोरं याच अंगणात वाढले. पाणी उकळून देऊ का?

लातूरचा_लॅबवाला: पाणी उकळून शिसं जात नाही, पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं. पाण्याचं नंतर बघू, आधी अंगण बघा. खाल्लेलं शिसं मोठ्यांपेक्षा लहान लेकराच्या अंगात चार-पाच पट जास्त मुरतं, त्यात लोह कमी असलं तर आणखी. म्हणून लोहाचं औषध बंद करू नका. तपासणी शिरेतल्या रक्ताची करा. बोट टोचून केली तर बोटावरचीच धूळ मिसळून आकडा फुगतो. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आला की शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ४५ च्या वर गेला तर दवाखान्यात शिसं उतरवायचं औषध. पण ५ च्या खाली निर्धास्त, असंही नाही. आणि सासूबाईंना सांगा, थोडं शिसं अंगावर दिसत नाही, ते अभ्यासात, ध्यान लागण्यात आडवं येतं.

जालना_फाउंड्री: रोज गूळ द्या, शिसं गुळात बांधून निघतं. आमच्याकडे सगळे खातात.

लातूरचा_लॅबवाला: गूळ खाऊ द्या की, पण त्यानं शिसं निघत नाही. वैदूचं भस्म मात्र बिलकुल नको, काही भस्मांत शिसंच असतं.

सेलूची_वहिनी: दादा, मालक म्हणतात भट्टी मळ्यातल्या गोठ्याकडं नेतो.

लातूरचा_लॅबवाला: मग बैल आणि म्हैस मरतील! शिशाच्या राखेनं गुरं दगावतात. घरीही नको, मळ्यातही नको. जुनी बॅटरी न फोडता, अख्खी, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडं जाईल अशी एजन्सीला द्या. भाव कमी मिळेल, मालक कुरकुर करतील. करू द्या. दुकानाचे कपडे वेगळे धुवा, मालकांना अंघोळ केल्याबिगर लेकराला उचलू देऊ नका, आणि कोरडा झाडू बंद, ओल्या फडक्यानं पुसा. मालकांचं रक्तही लेकराच्या सोबत त्याच दिवशी तपासायला द्या.