एक्स्प्रेसवेवर चढताना-उतरताना इंडिकेटर कधी आणि किती वेळ?

चौथा_गिअर:
मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर रॅम्पवरून चढताना इंडिकेटर उजवाच ना? नेमका कुठे लावायचा? लिव्हर हलकेच दाबला की तीनदा लुकलुकून बंद होतो, तेवढं पुरतं का? आणि एक्झिटला किती आधी द्यायचा?

घाटवाट:
उजवाच. रॅम्पचं वळण संपून मुख्य लेनला समांतर पट्टा सुरू झाला की लगेच लावा. लेनमध्ये पूर्ण येईपर्यंत चालू ठेवा. तीनदा लुकलुकणं म्हणजे जेमतेम दोन सेकंद. ८० च्या वेगात तेवढ्यात गाडी ४४ मीटर जाते, मागच्याचं लक्ष जाईपर्यंत खेळ खलास. लिव्हर पूर्ण दाबा. मात्र लेनमध्ये शिरताना स्टिअरिंग फारसं फिरत नाही, त्यामुळे तो आपोआप बंद होत नाही. हाताने बंद करा.

इंडिकेटर दिला म्हणून वाट मिळालीच असं नाही, मुख्य रस्त्यावरच्याचा हक्क आधी. जागा नसेल तर वेग पट्ट्याच्या सुरुवातीलाच कमी करा. टोकाला जाऊन थांबलात तर शून्यावरून ८० ला पोचायला रस्ताच उरत नाही. डाव्या लेनमध्ये आलात की एकदम उजवीकडे तिरके कापू नका. एक लेन, आरसा, मग पुन्हा इंडिकेटर.

उजवी_लेन:
एक्झिटसाठी डावा, साधारण ३०० मीटर आधी. १०० च्या वेगात ते अकरा सेकंद होतात. त्याआधीच सगळ्यात डावीकडच्या लेनमध्ये आलेले असा. क्रम महत्त्वाचा: आधी इंडिकेटर, मग एक्झिटच्या पट्ट्यात शिरणं, ब्रेक त्यानंतर. लोक नेमकं उलटं करतात, आणि मागच्या भरलेल्या ट्रकला ब्रेक का लागला तेच कळत नाही. एक्झिटच्या आधी पेट्रोल पंप किंवा फूड मॉलचा फाटा असेल, तर तो मागे पडल्यावरच द्या. चुकलात तर पुढचा एक्झिट घ्या. रिव्हर्स नाही म्हणजे नाही.

चौथा_गिअर:
पुढचा ट्रक उजवा देतो तेव्हा काय समजायचं? बोगद्यात चारही दिवे लावतात ते?

घाटवाट:
उजवा म्हणजे तो उजवीकडे येतोय असंच धरा. ‘डावा दिला म्हणजे जा पुढे’ ही जुनी खूण आहे, तिच्या भरवशावर ओव्हरटेक नको. बोगद्यात हॅझर्ड तर मूर्खपणाच: लेन बदलायची वेळ आली की इंडिकेटर दिसतच नाही. तिथे हेडलाइट लो-बीमवर पुरे. आणि इंडिकेटर अचानक दुप्पट वेगाने टिकटिकायला लागला तर बहुतेक त्या बाजूचा बल्ब गेलाय. निघण्याआधी उतरून पुढचा-मागचा दोन्ही बघा.