बाधित, ग्रस्त, संसर्गित... पत्रकात काय लिहू?

उंबरठा: आमच्या तालुक्यात एचआयव्ही असलेल्यांचा आधारगट आहे. १ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या कार्यक्रमाचं पत्रक माझ्या गळ्यात पडलंय आणि मी पहिल्याच ओळीत अडकलोय. 'एड्सग्रस्त' लिहिलं, खोडलं. 'एचआयव्हीबाधित' लिहिलं तर गटातल्या एक ताई म्हणाल्या, "बाधा भुताची होते. मांत्रिक बोलावताय का?" सगळे हसले, पण उत्तर कुणाकडे नव्हतं. 'एचआयव्हीसह जगणारे' वाचलं की वाटतं, एचआयव्ही पोटभाडेकरू आहे. सुचवा काहीतरी.

पिंपळपान: 'ग्रस्त' खोडलंत ते बरं केलंत. ग्रस् म्हणजे गिळणं. ग्रास, खग्रास त्यातलेच. पंचांगात 'ग्रस्तोदित' असतं, म्हणजे चंद्र उगवतो तोच ग्रहण लागलेला. माणसाला तसं म्हणायचं म्हणजे तो संपलाच. १९८३ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या परिषदेत एड्स झालेल्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं की आम्हाला 'बळी' म्हणू नका, त्यात हार धरलेली आहे; आणि 'रुग्ण' तर आम्ही अधूनमधूनच असतो. शिवाय एचआयव्ही म्हणजे एड्स नव्हे; एचआयव्ही हा विषाणू, एड्स ही त्याची पुढची अवस्था. गोळ्या घेऊन धडधाकट असलेल्याला एड्सग्रस्त म्हणणं साफ चूक.

कऱ्हाडकर: 'ग्रस्त'ला इतकं झोडपू नका हो. आमचे आजोबा कोयनेचे धरणग्रस्त. तो दाखला आम्ही प्लास्टिकमध्ये घालून जपलाय. तिथे ग्रस्त म्हणजे ज्याचं सरकार देणं लागतं तो.

पिंपळपान: मान्य. पण तिथे गिळणारं धरण समोर दिसतं, त्याच्या मालकाकडे भरपाई मागता येते. इथे मागणार कुणाकडे?

सदाफुली: मी चाचणी केंद्रात समुपदेशक आहे. खरा घोळ 'बाधित'चा आहे. आमच्या कामात संसर्गित म्हणजे ज्याच्या रक्तात विषाणू आहे तो, आणि बाधित म्हणजे त्याच्या घरचे, ज्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी आयुष्य बदललेलं असतं. पेपरवाले मात्र संसर्गितालाच बाधित म्हणतात, आणि कोरोनाने तो अर्थ पार पक्का केला. मध्यंतरी एका संस्थेने 'बाधित मुलांना वह्यावाटप' अशी यादी लावली. एक आई येऊन म्हणाली, माझ्या पोराचं नाव काढा, तो निगेटिव्ह आहे. वह्या नकोत म्हणाली.

२०१७च्या एचआयव्ही कायद्यात (लागू झाला १० सप्टेंबर २०१८ला) यावर तोड आहे: 'संरक्षित व्यक्ती'. ज्याला एचआयव्ही आहे तो आणि त्याच्यासोबत राहणारे, पूर्वी राहिलेलेसुद्धा, सगळे त्यात बसतात. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर, कुठेही भेदभाव केला तर तक्रार करता येते. शब्द चांगला आहे, पण "संरक्षित व्यक्ती, तुमचा नंबर आला" असं कोण म्हणेल?

उंबरठा: मग ती माणसं स्वतःला काय म्हणतात?

सदाफुली: "मी पॉझिटिव्ह आहे." नाहीतर नुसतं "माझी गोळी चालू आहे." मला नामापेक्षा क्रियापद खुपतं. 'पॉझिटिव्ह *निघाला*.' आंबा नासका निघतो, नाणं खोटं निघतं, जावई बेवडा निघतो.

कऱ्हाडकर: शुगरपण निघतेच की.

सदाफुली: शुगर निघते, माणूस निघत नाही! "त्याला शुगर निघाली" आणि "तो पॉझिटिव्ह निघाला" यातला कर्ता बघा.

कऱ्हाडकर: बरोबर, हरलो. 'लागण'बद्दल मात्र माझी तक्रार आहे. आमच्याकडे लागण उसाची. "यंदा लागण कधी?" हा शेजाऱ्याचा रोजचा प्रश्न आहे, त्याला पत्रकात घेऊ नका.

माळावरची: विषयाला थोडं सोडून. माझ्या व्हायरल लोडच्या (रक्तात विषाणू किती आहे त्याच्या) रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' आलंय. 'आढळला नाही' म्हणजे गेला ना?

सदाफुली: नाही ताई, म्हणूनच मी 'आढळला नाही' एकटं सोडत नाही. मी म्हणते "दबलाय, गेलेला नाही." गोळी थांबली की पुन्हा डोकं वर काढतो. पण गोळी न चुकता घेऊन तो असाच दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला जात नाही. इंग्रजीत दोन अक्षरांमध्ये बरोबरचं चिन्ह टाकून घोषणा केलीय: U=U, म्हणजे 'अनडिटेक्टेबल = अनट्रान्समिटेबल'. आम्ही म्हणतो, "सापडत नाही, तर पसरत नाही." यमकापुरतं ठीक आहे.

माळावरची: दबलाय. हे घरी सांगायला सोपं आहे.

पिंपळपान: 'विषाणू'तच विष आहे, त्याचं काय करायचं?

सदाफुली: त्याला हात लावू नका, पत्रक उद्या छापायचंय.

उंबरठा: छापायला गेलंसुद्धा. काल बैठकीत तुमच्या सगळ्या पोस्टी वाचून दाखवल्या. संसर्गित, बाधित, दोन्ही उडाले. 'एचआयव्हीसह जगणारे'ला तीन मतं पडली, ती सगळी जिल्ह्याच्या प्रशिक्षणाला जाऊन आलेल्यांची. शेवटी ठरलं ते असं: "आम्ही एचआयव्ही असलेली माणसं आणि आमच्या घरचे, तुम्हाला बोलावतोय." मांत्रिकवाल्या ताईंनी एकच दुरुस्ती सांगितली, 'जेवणाची सोय आहे' ही ओळ ठळक करा.