आत्याचा अंगठा मशीन घेत नाही, रेशन थांबलंय. लेखी काय मागायचं?

आधार असावं की नसावं हा वाद कृपया इथे नको, त्यासाठी धागे भरपूर आहेत. मला फक्त पुढची वाट सांगा.

माझी आत्या सत्तरी ओलांडलेली, विधवा, एकटी राहते. पिवळं कार्ड, अंत्योदय, महिन्याला ३५ किलो. आधार आहे, रेशन कार्डाला जोडलेलंही आहे. पण सगळा जन्म खुरपणीत आणि भांडी घासण्यात गेला, बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. रेशन दुकानातलं ई-पॉस (अंगठा तपासून पावती देणारं) मशीन एकही बोट घेत नाही. आधारला नंबर होता तो तिच्या यजमानांचा. ते गेले, सिम बंद पडलं, त्यामुळे ओटीपीही नाही. नंबर बदलायला आधार केंद्रात गेलो तर तिथेही आधी बोटंच मागितली! दुकानदार म्हणतो, "ताई, पावती निघाल्याशिवाय माल दिला तर तो माझ्या अंगावर येतो." त्याचं तरी काय चुकलं?

आधार कायद्याच्या कलम ७ मध्ये आधार क्रमांक मिळालेला नसेल तर ओळखीचा दुसरा पुरावा चालतो, असं आहे. पण आत्याकडे आधार आहे आणि तरी अडलंय. अशा वेळी कोणता नियम दाखवायचा? आणि "धान्य नाकारलं" हे कुणाकडून लिहून घ्यायचं? सध्या सगळं तोंडीच चाललंय.

प्रतिसाद:
पुरवठा शाखेत नोकरी झाली आहे म्हणून सांगतो. आधार प्राधिकरणाचं २४ ऑक्टोबर २०१७ चं परिपत्रक काढा. बोटं जुळली नाहीत तर डोळे किंवा ओटीपी, तेही जमलं नाही तर आधार कार्ड बघून धान्य द्यायचं आणि अपवाद नोंदवहीत नोंद करायची, असं त्यात आहे. दुकानात ही वही आहे का, एवढंच आधी शांतपणे विचारा.

अर्ज तहसीलदारांच्या नावे, पुरवठा शाखेत. "रेशन कार्ड चालू करा" असं चुकूनही लिहू नका. कार्ड चालूच आहे; तसं लिहिलंत की अर्ज दुरुस्तीच्या गठ्ठ्यात जातो आणि तिथेच झोपतो. "पडताळणी होत नाही म्हणून अमुक महिन्यांचं धान्य मिळालं नाही" असं लिहा आणि राहिलेले महिने नावानिशी मांडा. अन्न सुरक्षा कायदा २०१३, कलम ८: हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. कुणी आपणहून सांगणार नाही. आत्या सही करत नसतील तर शाईचा अंगठा चालतो (हो, तिथे चालतो), शेजारी साक्षीदाराची सही घ्या. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर आलं नाही तर त्याच पोचेची प्रत जोडून जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे, त्याच कायद्याचं कलम १५.

प्रतिसाद:
आधार केंद्रात डोळ्यांनी पडताळणी करा असं स्पष्ट सांगा, बरेच ऑपरेटर बोटांवरच थांबतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का? झालं असेल तर डोळ्यांची नोंद नव्याने करून घ्या. आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार क्रमांकही घेऊन ठेवा.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. ऑपरेशन झालंय, एका डोळ्याचं. एक राहिलंच: आत्याला तालुक्यापर्यंत नेणं अवघड आहे. अर्ज मी दिला तर घेतील का, की तिचं अधिकारपत्र जोडावं लागेल?