प्रतिसाद: डांबरगोळे आणि नारळाचं सोडण

वर कुणीतरी म्हटलंय की नारळाच्या सोडणांचा सच्छिद्र कोळसा केला की गोव्यात कळंगुटच्या किनाऱ्यावर वाहून येणारे डांबरगोळे शोषले जातील. इथे थोडी गल्लत होतेय. हे गोळे म्हणजे लाटांत घुसळून, ऊन खाऊन घट्ट झालेलं जुनं तेल. ते छिद्रांत शिरणारच नाही. फावड्यानेच उचलावं लागतं.

जेटीवरच्या पाण्यावर डिझेलचा जो ताजा, इंद्रधनुषी तवंग दिसतो, तिथे मात्र हे जमेल. पण कच्चा काथ्या पाणीही पितो, कारण त्यातल्या सेल्युलोजला पाण्याची ओढ. हवा लागू न देता ४००-५०० अंशांवर भाजला की ती ओढ बरीच कमी होते आणि तेलाला जागा मिळते. फेणीच्या भट्टीवरचा काजूच्या बोंडूंचा चोथाही असाच वापरता येईल, पण तो आधी वाळवायचा कसा? (एप्रिलात त्याच्या वासाने माश्याच जास्त जमतात.)

खरं तर आपलं सावरीचं झाड यात मुळातच हुशार. त्याच्या कापसाचे तंतू आतून पोकळ, वर मेणाचा थर, म्हणजे पाणी बाहेर आणि तेल आत. भाजायची गरजच नाही. सावरीच्या कापसाची उशी फाटली तर थोडा कापूस पाण्यावर टाकून बघा, तरंगत राहतो. मग त्यावर चमचाभर डिझेल सोडा.