फॅमिली कोर्टात वकिलाशिवाय केस टाकावी का?

निशिगंध:
जो तो म्हणतो वकिलाशिवाय कोर्टाची पायरी चढू नका. पण फॅमिली कोर्टाचा १९८४ चा कायदा वाचा, कलम १३ मध्ये सरळ लिहिलंय की इथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, कोर्टाला गरज वाटली तर तेच एखाद्या कायदेतज्ज्ञाला न्यायमित्र म्हणून बोलावू शकतं. कलम १४ ने पुराव्याचे नियमही सैल केलेत. म्हणजे नवरा-बायकोने स्वतःच्या तोंडाने बोलावं म्हणूनच हे कोर्ट काढलंय ना? लग्न कधी-कुठे झालं, शेवटचं एकत्र कुठे राहिलो, वेगळे कधीपासून, मुलं कोणाकडे आणि नेमकं काय मागतोय, हे तारीखवार लिहिता येणाऱ्या कुणालाही पहिला अर्ज जमतो. माझं ठाम मत आहे.

काळा_डगला:
ताई, अर्ज दाखल होणं वेगळं आणि केस चालणं वेगळं. वकिली करतो म्हणून धंद्यापायी बोलतोय असं वाटेल, वाटू दे. अर्जात जे लिहिलंच नाही त्याचा पुरावा नंतर देता येत नाही आणि सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती सहजासहजी मिळत नाही. उलटतपासात तर फारच हाल होतात. माझ्यासमोर एका बाईंना विचारलं, तुम्ही स्वतःहून घर सोडलंत ना? त्या म्हणाल्या "हो, पण त्या रात्री..." आणि पुढचं बोलेपर्यंत "हे म्हणणे खरे आहे की मी स्वतःहून घर सोडले" असं टाइप होऊन गेलं. त्या रात्री काय झालं ते फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर आपल्याच बाजूने पुन्हा विचारतात तेव्हा, काढून घ्यायला त्यांच्या बाजूने कोणीच उभं नव्हतं.

निशिगंध:
हे वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मी केस सुरू करण्याबद्दल बोलतेय. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. मग फीचे पैसे जमेपर्यंत थांबलेल्या बाईचे ते महिने गेलेच ना? आज स्वतः अर्ज टाका, वकील मागाहून लावा, कोण अडवतंय.

वाट_पाहतोय:
निशिगंधशी सहमत. आमचा घटस्फोट परस्परसंमतीचा होता, मूल नाही, देणंघेणं नाही. वकिलांकडे फी भरूनही दर तारखेला ज्युनिअर यायचा आणि पुरसिस (कोर्टाला द्यायची छोटी लेखी सूचना) देऊन पुढची तारीख घेऊन जायचा. संमतीच्या घटस्फोटात थांबावी लागणारी सहा महिन्यांची मुदत कोर्ट माफ करू शकतं, सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल आहे, हे मला वकिलांनी नाही तर समुपदेशक मॅडमनी सांगितलं.

सई_म:
तुम्ही सगळे फीवरच भांडताय!! १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करा नाहीतर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्या. फुकटचा वकील लक्ष देत नाही म्हणून लोक नाकं मुरडतात, पण लक्ष देत नसेल तर बदलून मागता येतो. हे असताना एकटीने का लढायचं?

काळा_डगला:
सईताईंचं शंभर टक्के बरोबर. आणि निशिगंध, तारखेचा तुमचा मुद्दा मान्य, पोटगीचा अर्ज थांबवू नये. पण त्याच रजनेश निकालाने दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र सक्तीचं केलंय. ते स्वतः भरणारे लोक नवऱ्याच्या उत्पन्नाबद्दल "माहीत नाही" एवढं लिहून मोकळे होतात, बँकेचे कागद मागवायचा अर्जच करत नाहीत. आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती समझोत्याची. समुपदेशनात तडजोड झाली, संमतीने हुकूम झाला, की कलम १९ प्रमाणे त्यावर अपील नाही. एरवी अपिलाला ठराविक मुदत असते, इथे तीही नाही. मुलाचा ताबा, भेटी, एकरकमी पोटगी, सगळं त्या एका सहीत जातं.

निशिगंध:
अपील नाही हे खरंच बऱ्याच जणींना माहीत नसतं. मग मी एवढं म्हणेन, अर्ज स्वतः करा पण समझोत्याच्या मसुद्यावर त्याच दिवशी सही करू नका, पुढची तारीख मागा, मसुदा घेऊन विधी सेवा प्राधिकरणात दाखवा. तारीख मागायला वकील लागत नाही.

काळा_डगला:
लागत नाही. फक्त तोंडी सांगू नका, लेखी अर्ज द्या आणि त्याला निशाणी क्रमांक (कोर्टाच्या फाइलमधला नोंद क्रमांक) पडला की नाही ते बघूनच बाहेर या.