हौशी व्हिडिओ क्लबमध्ये जायचंय, आधी काय विचारून घ्यावं?

नमस्कार मंडळी, हौशी व्हिडिओ क्लबमध्ये नाव नोंदवायचं मनात आहे. सध्या मोबाइलवर शूट करते, डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत एडिट करते. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंदावर ठेवायचं, संवादात कॅमेऱ्याने १८० अंशांची रेषा, म्हणजे बोलणाऱ्या दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा, ओलांडायची नाही, एवढं जमतं. अडतं ते आवाजाशी! माणूस जरा लांब गेला की बोलण्यापेक्षा खोलीचा घुमाराच जास्त येतो. कॉलर माइक आत्ताच घ्यावा, की क्लबमधले माइक वापरून बघून ठरवावं? नवख्यांना तिथे कॅमेरा हाताळायला मिळतो का? लाइट धरायलाही मी आनंदाने तयार आहे, पण एडिटिंग मात्र जाणकाराशेजारी बसूनच शिकायचंय. आणि एकत्र केलेल्या फिल्मचे हक्क कुणाकडे राहतात? अनुभवी मंडळींनी कृपया सांगा.